‘मला काहीही चालेल’ म्हणणाऱ्यांसाठी

हॉटेलात मेनूकार्ड हातात आलं तरी मी ते उघडत नसे. ‘तुम्ही मागवा काय ते, मला काहीही चालेल,’ हे वाक्य मी बावीस-तेवीस वर्षं म्हणत आले. मागच्या दिवाळीच्या सुट्टीत साताऱ्यात पोवई नाक्याजवळच्या एका हॉटेलात वेटरने थेट मलाच विचारलं, ‘‘मॅडम, तुमच्यासाठी काय?’’ आणि मला काही म्हणजे काही सुचेना. घरातल्या प्रत्येकाचं मला पाठ होतं. ह्यांना तिखट चालत नाही, मुलाला पनीर लागतं, सासूबाईंना दातांमुळे मऊ काहीतरी. माझ्या नावापुढची ओळ तेवढी कोरी. वेटर ताटकळला, मुलगा म्हणाला, ‘‘आईला काहीही चालतं,’’ आणि तो पुढे सरकला.

त्यानंतरच्या वर्षभरात मी जे करून पाहिलं, त्यातलं टिकलेलं इथे क्रमाने लिहिते आहे. नोकरी सोडणं, हिमालयात जाणं, पहाटे चारला उठणं यातलं इथे काही नाही. घर, नोकरी, आजारी माणूस, हप्ते जिथे आहेत तिथेच राहणार, असं धरूनच हे लिहिलं आहे. उदाहरणं बाईच्या घरातली आहेत कारण मी बाई आहे. पण निवृत्तीनंतर ‘आता काय करू’ म्हणत दिवसातून चार वेळा पेपर उलगडणारे काका मी शेजारीच पाहते. त्यांनाही यातलं बरंच लागू पडेल.

पहिला आठवडा: नुसतं मोजा

लगेच काही बदलायला जाऊ नका. भिंतीवरच्या कालनिर्णयवर आपण दुधाचे लिटर लिहितो, सिलिंडर लावल्याची तारीख लिहितो, बाईचे खाडे लिहितो. त्याच चौकोनाच्या कोपऱ्यात आणखी एक आकडा लिहायचा: आज आपण ‘काहीही चालेल’, ‘तुम्ही म्हणाल तसं’, ‘माझं काय, मी खाईन उरलेलं’ यातलं किती वेळा बोललो. मी पहिल्या दिवशी सात लिहिले आणि तेही रात्री आठवून. खरा आकडा दहाच्या पुढे असणार.

घरात कुणी विचारलं तर ‘हिशेब आहे’ म्हणा. खोटं नाही ते.

मोजताना एक फरक पाहा. काही वेळा खरंच चालतं. चहात साखर एक चमचा की दीड, याने माझं काही बिघडत नाही. पण काही वेळा ‘चालेल’ म्हणताना पोटात बारीकशी कळ येते, घोट गिळल्यासारखं होतं. तेवढ्याच खेपांपुढे फुली मारा. आठवड्याअखेर माझ्याकडे एकोणीस फुल्या होत्या आणि त्यातल्या अकरा जेवणाखाण्याच्या. आधी मला राग आला, मग हसू आलं. एवढ्या साध्या गोष्टीत मी माघार घेत होते आणि कुणी मागितलीही नव्हती.

दुसरा आठवडा: शेपूची जुडी

फुल्यांमधली सगळ्यात क्षुल्लक गोष्ट निवडा. माझ्यासाठी ती शेपू होती. मला शेपू फार आवडतो, मूगडाळ घालून, वरून लसणाची फोडणी दिलेला. सासरी त्याचा वास कुणाला सहन होत नाही, म्हणून अकरा वर्षं घरात शेपू आला नव्हता. कुणी बंदी घातली नव्हती, हे मुद्दाम सांगते. मीच मंडईत त्या जुड्यांवरून नजर पुढे नेत होते.

एका बुधवारी अर्धी जुडी आणली. बाकीच्यांसाठी बटाटा केला, माझ्यासाठी छोट्या कढईत शेपू. सासूबाई म्हणाल्या, ‘‘अगं, हा कसला वास?’’ मी म्हटलं, ‘‘आई, शेपू केलाय, मला खावासा वाटला.’’ त्या ‘बरं’ म्हणाल्या आणि खिडकी उघडली. बास, एवढंच घडलं. ज्या भांडणाची अकरा वर्षं धास्ती घेतली होती, ते दीड वाक्यात आटोपलं.

या आठवड्याचा नियम असा: कुणी ‘तुला काय हवं?’ विचारलं की पाचपर्यंत मनात मोजायचं आणि काहीतरी नाव घ्यायचं. उत्तर चुकीचं निघालं तरी हरकत नाही. मसाला डोसा मागवला आणि खाताना वाटलं की इडली हवी होती, तर हीसुद्धा माहितीच झाली. आवड हरवलेली असते तेव्हा ती अशीच चुकत-माकत सापडते. आणि कुणीच विचारत नसेल तर? मग विचारण्याची वाट न पाहता सांगायचं. पुढे त्याबद्दल वेगळं लिहिलंय, कारण खरी अडचण तिथेच येते.

वेळ नाही, हे खरं आहे

‘स्वतःसाठी वेळ काढा’ असा सल्ला देणाऱ्यांच्या घरी भांडी कोण घासतं, हे मला नेहमी विचारावंसं वाटतं. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरचं विनामोबदला काम करणाऱ्या बायकांचा त्यात जाणारा वेळ दिवसाला सरासरी २९९ मिनिटं निघाला, पुरुषांचा ९७. मुलं, म्हातारी, आजारी माणसं सांभाळणं यात धरलेलं नाही. ते वेगळं, बायकांचं १३४ आणि पुरुषांचं ७६. म्हणजे तुम्हाला वेळ मिळत नसेल तर तो तुमच्या नियोजनातला दोष असेलच असं नाही.

म्हणून तासभराचा हट्ट धरू नका. वीस मिनिटं धरा, आणि ती दिवसातल्या अशा जागी ठेवा जिथे आधीच भोक आहे. माझ्याकडे ते दुपारी अडीच ते तीन होतं, सासूबाईंची वामकुक्षी आणि नळाला पाणी येणं यांच्या मधलं. पूर्वी त्यात मी फोन चाळायचे. नोकरी करणाऱ्या माझ्या मैत्रिणीने ऑफिसातून घरी येताना एक स्टॉप आधी उतरायला सुरुवात केली. चालण्याची ती बारा मिनिटं तिची. पहाटेचा वेळ मात्र मी कुणाला सुचवणार नाही. झोप तोडून काढलेला वेळ चौथ्या दिवशी अंगावर येतो आणि मग आपणच आपल्याला आळशी ठरवून मोकळे होतो.

वेळेइतकीच जागा लागते. घरात बघा: ह्यांची खुर्ची ठरलेली, मुलाचं टेबल ठरलेलं, सासूबाईंचा पलंगाचा कोपरा ठरलेला. तुमची बसायची जागा कुठली? मी कित्येक वर्षं चहा ओट्याला टेकून उभ्यानेच प्यायले. शेवटी मागच्या गॅलरीतल्या कपड्यांच्या दोरीखाली एक प्लास्टिकचं स्टूल ठेवलं. पावसाळ्यात तिथे ओले कपडे डोक्याला लागतात. तरी ते स्टूल माझं आहे आणि त्यावर कुणी बादली ठेवली तर मी उचलून खाली ठेवते.

नाव

वाटल्यास ही पायरी सोडून द्या, सगळ्यांना लागू नाही. आमच्या लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने माझं नवं नाव लिहिलं गेलं. तेव्हा मजा वाटली होती. पाळण्यातल्या नावाने हाक मारणारी शेवटची माणूस म्हणजे आई. ती गेल्यावर ते नाव कुणाच्याच तोंडी राहिलं नाही. आता मी वहिनी, काकू, सूनबाई, अमक्याची आई. यातल्या एकाही नावाची मला लाज नाही. पण एका दोनशेपानी वहीच्या पहिल्या पानावर मी जुनं नाव लिहिलं, तेव्हा अक्षर थोडं बदलल्यासारखं वाटलं, शाळेतल्या वळणाचं.

त्या नावाने हाक मारणारं एखादं माणूस शोधा. शाळेतली मैत्रीण, आतेभाऊ, माहेरच्या गल्लीतल्या शेजारीण काकू. फोनवर सुखदुःखाच्या गप्पा झाल्या पाहिजेत असं नाही. त्या नावाने कुणी ‘अगं’ म्हटलं तरी पुष्कळ.

तिसरा ते सहावा आठवडा: ट्रंक उघडा

आता वीस मिनिटांत करायचं काय? क्लास लावायची घाई करू नका. मी तीन महिन्यांची फी भरून हार्मोनियमच्या क्लासला गेले आणि सातव्या दिवशी कळलं की हार्मोनियम शिकण्याची हौस माझ्या बहिणीची होती. पैसे गेले.

आपण बारा-तेरा वर्षांचे असताना, कुणी सांगितलेलं नसताना काय करायचो, ते वहीत लिहा. त्या वयात आवड असते आणि जबाबदारी अजून पुरती अंगावर आलेली नसते. माझ्या यादीत निघालं: वडिलांची सायकल नळीखालून पाय घालून चालवणं, नकाशाचं पुस्तक बघत बसणं, दुपारी गच्चीत कादंबऱ्या वाचणं, आजोबांच्या डायरीत लोकांची वाक्यं उतरवून ठेवणं. तुमच्या यादीत मातीची भांडी निघतील, गणिताची कोडी निघतील, कबड्डी निघेल. कबड्डी पन्नाशीत खेळता येणार नाही, पण शाळेच्या मैदानावर संध्याकाळी मुली खेळतात तिथे जाऊन बघत उभं राहता येतं. हे मी हसण्यावारी नेत नाहीये. एकीने तेच केलं आणि आता ती तिथे गुण लिहायला बसते.

एक गोष्ट घ्या, तीन आठवडे करा, नाही जमली तर सोडा. सोडण्याची परवानगी आधीच स्वतःला दिली की सुरुवात सोपी होते. कमी खर्चाच्या दोन वाटा सांगते. पहिली, गावातलं सार्वजनिक ग्रंथालय. महाराष्ट्रात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे आणि तालुक्याच्या गावात तरी अनुदानावर चालणारं एखादं वाचनालय सापडतंच. वर्गणी परवडणारी असते. तिथे आपल्या नावाचं कार्ड मिळतं, कुटुंबाचं नव्हे. दुसरी, शिक्षण अर्धवट राहिल्याची बोच ज्यांना आहे त्यांच्यासाठी नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. १९८९ पासून चालू आहे, वयाची अट आड येत नाही, अभ्यासकेंद्रं जिल्ह्याजिल्ह्यात आहेत. पण पदवी हवी म्हणून जा; ‘घरच्यांना दाखवून द्यायचंय’ म्हणून गेलात तर दुसऱ्या वर्षी दम निघून जातो.

भीतीची शिडी

इथे थोडं थांबते, कारण माझी गाडी इथेच सगळ्यात जास्त अडली. यादीत सायकल निघाली म्हणजे मला चाकं हवी होती, आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी मला स्कूटर शिकायची होती. भीती वाटत होती ती पडण्याची, असं मी सगळ्यांना सांगायचे. वहीत लिहायला बसले तेव्हा दिसलं की पडण्याला मी फारशी भीत नव्हते. पडताना कुणी बघेल, याला भीत होते.

तर पहिलं काम: ‘लोक काय म्हणतील’ मधले लोक कोण, त्यांची नावं लिहा. मोघम ‘लोक’ लिहायचं नाही. माझी यादी चार नावांवर संपली. त्यातली एक व्यक्ती पुण्याला राहायला गेलेली होती.

दुसरं काम: प्रसंग आणि आपला निष्कर्ष वेगवेगळे लिहा. अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५५ च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती याच पायावर उभी आहे, आणि कि. मो. फडके यांनी ती मराठी वाचकांपर्यंत आणली. मुद्दा असा की प्रसंग आपल्याला थेट घाबरवत नाही, प्रसंगाबद्दल मनाशी धरलेली समजूत घाबरवते. ‘मैदानात स्कूटर बंद पडली आणि दोन मुलं हसली’ हा प्रसंग. ‘या वयात हे शोभत नाही, आता मी कुणाला तोंड दाखवू’ ही समजूत. डाव्या पानावर प्रसंग, उजव्या पानावर समजूत, आणि खाली समजुतीला प्रश्न: असं कुठे लिहिलंय? हसले तर पुढे नेमकं काय होईल? माझ्या वहीतलं उत्तर होतं, ‘ती मुलं घरी जातील.’

हे एलिसला नुसतं पुस्तकातून सुचलेलं नव्हतं. तो एकोणीस वर्षांचा असताना मुलींशी बोलायला प्रचंड घाबरायचा. न्यूयॉर्कमधल्या ब्रॉन्क्सच्या वनस्पती उद्यानात महिनाभर जायचं आणि बाकावर एकटी बसलेली बाई दिसली की तिच्याशी एका मिनिटाच्या आत बोलायचं, असं त्याने ठरवलं. त्याच्याच सांगण्याप्रमाणे शंभर जणींशी बोलणं झालं, एकीने भेटायचं कबूल केलं आणि ती आलीच नाही. भीती मात्र गेली. आपल्या गावात हा प्रयोग कुणी जसाच्या तसा करू नये, आणि बाकावर एकट्या बसलेल्या बाईच्या बाजूने विचार केला तर तिथेही तो फारसा बरा नव्हता. पण मर्म लक्षात घ्या: भीती नुसता विचार करून कमी होत नाही, पुन्हा पुन्हा तिच्याजवळ जाऊन कमी होते.

तिसरं काम म्हणजे शिडी. नको असलेल्या प्रसंगांना शून्य ते शंभर गुण द्या आणि चढत्या क्रमाने मांडा. माझी अशी होती:

उभ्या स्कूटरवर दहा मिनिटं बसणं: १०
रविवारी सकाळी शाळेच्या मैदानात फेऱ्या: ३०
आमच्या गल्लीतून वाण्यापर्यंत: ४५ (गल्लीत यादीतली दोन माणसं राहतात)
राजपथावरून मोती चौकापर्यंत: ७०
पोवई नाका, संध्याकाळी सहा वाजता: १००

एका पायरीवरची धडधड निम्म्यावर येईपर्यंत तिथेच थांबायचं. मी मैदानात पाच रविवार काढले. वाण्यापर्यंतची पायरी दोनदा उतरून पुन्हा चढले. ज्यांना स्कूटरच शिकायची आहे त्यांच्यासाठी: शिकाऊ परवाना सहा महिने चालतो, तो मिळाल्यावर तीस दिवसांनी पक्क्या परवान्याची चाचणी देता येते, आणि चाळिशी ओलांडली असेल तर डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं. नवऱ्याकडून शिकू नका. संसार टिकवायचा असेल तर भाचीकडून शिका.

पोवई नाका मी अजून फक्त दुपारी ओलांडते.

विचारायचं नाही, सांगायचं

दोन वाक्यं शेजारी ठेवून बघा. ‘‘अहो, मी गुरुवारी वाचनालयात जाऊ का?’’ आणि ‘‘अहो, गुरुवारी चार ते पाच मी वाचनालयात असेन. चहाचं पातेलं गॅसवर ठेवून जाईन, तेवढा तुम्ही करून घ्या.’’ पहिल्यात निर्णय दुसऱ्याच्या हातात जातो आणि बिचाऱ्यालाही नकार द्यायची सवय लागते. दुसऱ्यात दिवस, वेळ आणि मागची सोय तिन्ही आहे. आवाज वाढवायची गरज नाही.

सुरुवातीला मी पाच कारणं द्यायचे. डॉक्टरांनी सांगितलंय, फक्त अर्धा तास, मैत्रिणीचा आग्रह आहे, वगैरे. कारणं जितकी जास्त तितकी समोरच्याला खोडायला जागा जास्त. एकच कारण पुरतं: ‘मला जायचंय.’

घरात कुरकुर होईल. आमच्याकडे तीन गुरुवार झाली. पहिल्या गुरुवारी चहात साखर सापडली नाही म्हणून फोन आला. डबा ओट्यावरच होता. चौथ्या गुरुवारी ह्यांनी विचारलं, ‘‘आज जाणार नाहीस का?’’ मला वाटलं विरघळले. तर म्हणाले, ‘‘माझं पुस्तक परत द्यायचंय.’’

पैशाबद्दल थोडक्यात. फक्त आपल्या नावाचं एक बचत खातं असू द्या, त्यात महिन्याला दोनशे रुपये का होईना जाऊ द्या, आणि त्याचं एटीएम कार्ड आपल्याच पाकिटात ठेवा. स्टूल, वर्गणी, शेपू, सगळं त्यातून.

हा लेख कधी बाजूला ठेवायचा

दोन आठवड्यांहून जास्त काळ रोजच उदास वाटत असेल, पूर्वी आवडणाऱ्या कशातच मन लागत नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर वही आणि शिडी राहू द्या. डॉक्टरांकडे जा. थायरॉइड आणि रक्तातलं हिमोग्लोबिन एकदा तपासून घ्या. कित्येकदा ‘मी हरवले’ची सुरुवात तिथे असते, रजोनिवृत्तीच्या आसपास तर नक्की विचारा. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा क्रमांक आहे, मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. आणि घरात भीती वाटते ती मारहाणीची, धमक्यांची असेल तर ‘विचारू नका, सांगा’ हा माझा सल्ला तुमच्यासाठी नाही. तिथे आधी १८१, म्हणजे महिला हेल्पलाइन.

तिसरा महिना: एक तिकीट

एक दिवस एकटीने बाहेर जा. काम काढून नव्हे. औषध आणायचंय, लग्नाचा आहेर द्यायचाय, असलं काही नको. मार्च २०२३ पासून महाराष्ट्रात एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, तेव्हा पैशाची सबब फारशी उरत नाही. मी वाईला गेले. जवळचं आहे, गाड्या भरपूर आहेत, आणि लहानपणी नकाशात कृष्णा नदी बोटाने गिरवलेली होती.

कंडक्टरने विचारलं, ‘‘किती?’’ तोंडातून ‘दोन’ निघता निघता राहिलं.

ढोल्या गणपतीचं दर्शन झालं, घाटावर बसले, रिक्षाने मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि तिथली ती वसईहून आणलेली भली मोठी घंटा पाहिली. साडेबाराला सगळं संपलं. पुढे काय करावं ते कळेना, आणि घरी फोन करून ‘जेवलात का’ विचारायची इतकी सुरसुरी आली की मी फोन पिशवीत तळाशी टाकला. म्हणून सांगते, पहिल्या खेपेला मधल्या रिकाम्या तासासाठी काहीतरी सोबत न्या. पुस्तक, विणकाम, वही, काहीही. पाण्याची बाटली भरून घ्या. खानावळीत थाळी न मागता नाव घेऊन पदार्थ मागवा. मी पिठलं-भाकरी सांगितली आणि वर कांदा मागून घेतला.

परतीच्या गाड्यांच्या वेळा स्टँडवर उतरल्या उतरल्याच फलकावरून टिपून घ्या. दुपारी चौकशीच्या खिडकीवर कुणी नसतं.